तिसरी टिचकी

कूलरचा पंप माळ्यावरून खाली उतरला की आमच्याकडे चैत्र लागतो. पंचांग काय म्हणायचं ते म्हणो. आधी दारचा कडुनिंब आठ-दहा दिवस पानं गाळतो, तीनदा अंगण झाडलं तरी पायाखाली कुरकुर चालूच. मग एका सकाळी त्याच फांद्यांवर तांबूस पालवी दिसते, तिच्यामागून बारीक पांढरा मोहर, आणि दुपारच्या गरम वाऱ्यात तो कडसर-गोड वास घरभर फिरायला लागतो. लोकांना त्या वासाने काय काय आठवत असेल. मला काम आठवतं. स्टुलावर चढायचं, माळ्यावर हात घालायचा, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या झटकायच्या, पंप बादलीत टाकून बघायचा की चालतोय का मेला बसला. ही कामं पूर्वी ह्यांची होती. ह्यांची म्हणजे माझ्या नवऱ्याची. सहासष्ट वर्षांची झाले तरी नाव तोंडात येत नाही, आता यायचंही नाही. आणि कामं म्हणाल तर आता सगळीच माझी आहेत.

परवा पंप शोधताना हाताला खाकी कापडाची पिशवी लागली. वर बोटभर धूळ. आत काय आहे ते मला ठाऊक होतं, तरी मी ती खाली ओढली. दोन-तीन गळ गंजून एकमेकांत अडकलेले, शिशाची वजनं, आणि स्टीलचा एक डबा. डब्याचं झाकण इतकं घट्ट की मला दोन्ही गुडघ्यांत धरून फिरवावं लागलं. आत काहीच नव्हतं. पण हिंगाचा असा भपकारा आला की मी स्टुलावरच बसून राहिले. तीनदा घासलाय तो डबा, आठवडाभर उन्हात ठेवलाय, आणि दोन वर्षं होऊन गेली. हिंग काही जात नाही.

बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "मिळाला?"

ह्यांचा आवाज आता इतका बारीक झालाय की शब्द ऐकू येत नाहीत, नुसता सूर येतो, तोही माळा त्या खोलीच्या दाराशीच म्हणून, आणि बाकीचं मी ओळखते. मी म्हटलं, "नाही अजून." खरं तर पंप पुढ्यातच होता.

आमच्या घरी मासेमारी हा विषय म्हणजे पस्तीस वर्षांचं भांडण. हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. ग्वाल्हेर शहरातल्या नळांचे नकाशे काढायचे, आणि हात असा की पट्टी न लावता रेघ सरळ. आठवड्याचे सहा दिवस कागदावर पाणी फिरवायचे आणि सातव्या दिवशी तिघऱ्याच्या धरणावर जाऊन खऱ्या पाण्यापुढे बसायचे. सकाळी सहाला स्कूटर निघाली की संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. रविवार नावाचा दिवस माझ्या संसारात कधी आलाच नाही. बाकीच्या बायका रविवारी नवऱ्याबरोबर नातेवाइकांकडे चक्कर मारायच्या, मी आपली खिडकीत.

त्यातून शनिवारचं ते पीठ! धरणातल्या रोहूला म्हणे कणकेच्या गोळ्या लागतात. कणीक, भाजलेलं बेसन, बोटभर गूळ आणि हिंग. साधा आमटीत घालतो तेवढा नाही, चांगला चमचाभर. आणि हे पीठ मळायचं कोणी? मी. माझ्या माहेरी मासे शिजत नसत, मला त्या वासानं मळमळायचं, आणि इथे मी दर शनिवारी माशांचा स्वयंपाक करत बसलेली. "जरा घट्ट मळ, पाण्यात फुटते," हे सांगायचे. मी म्हणायची, "तुमच्या माशांना जावई म्हणून बोलावलंय का?" हे हसायचे आणि गोळ्या वळायला बसायचे. बोराएवढ्या, सगळ्या एका मापाच्या. त्या हातांचं मला तेव्हा काही वाटलं नाही. कोणाला वाटतं? हात असतातच.

मग उजवा हात हलायला लागला. पहिल्यांदा पेपर वाचताना पेपराची कड फडफडायची, आम्हाला वाटलं पंखा. पंखा बंद केला तरी कड फडफडतच राहिली. सिटी सेंटरच्या डॉक्टरांनी ह्यांना खोलीभर चालवलं, बोटं जुळवायला लावली, कागदावर एक गोल रेघ काढायला सांगितली. आयुष्यभर रेघा काढलेला माणूस. ती रेघ बघून हे स्वतःच म्हणाले, "ये तो फेल है." डॉक्टर भला माणूस, तो म्हणाला की औषधं चालू ठेवा, आजार हळूहळू वाढतो, जे करावंसं वाटतं ते आता करून घ्या.

करावंसं वाटतं ते काय असणार! परत येताना ऑटोत बसल्या बसल्या हे म्हणाले, "समुद्रात एकदा गळ टाकायचा होता." मी म्हटलं, "घ्या! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास." फाल्गुनच चालू होता तेव्हा.

पण आमचा निखिल पुण्याला असतो, त्याच्या कानावर हे गेलं, आणि त्या पोराने आठवड्यात फोन केला. "आई, तू टेन्शन नको घेऊस. मैंने बोट बुक कर दी है, मालवणला. तीन तासांची आहे बस, किनाऱ्याजवळच फिरवतात. बाबांना बोल, रेडी रहा." आमची पोरं अशीच बोलतात, वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं. ह्यांना एरवी ते आवडत नाही, टोकतात. त्या दिवशी नाही टोकलं. फोन ठेवला आणि कपाटातून खाकी पिशवी काढून टोपी बाजारात नवे गळ आणायला निघाले. मी बरोबर गेले, कारण तोवर ह्यांना एकटं सोडवत नव्हतं. दुकानदारानं गळ कागदात बांधून दिले. ते उघडून बघताना ह्यांच्या बोटाला एक टोचला, मी चिडले, हे म्हणाले, "शुभ असतं."

एक खरं सांगते. मला जायचं नव्हतं. दमले होते मी. तेव्हा तर काहीच नव्हतं, शर्टाची बटणं लावून द्यायची, चहा अर्धा कप द्यायचा म्हणजे सांडत नाही, एवढंच. तरी दमले होते. दमणं कामाचं नसतं, पुढचं दिसत असतं त्याचं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"पीठ मळतेस ना?"

"कशाचं?"

"गोळ्यांचं. मासा मासाच असतो. आपली गोळी सोडणार नाही तो."

मी हात टेकले आणि मळलं. चमचाभर हिंग घातला, गूळ घातला, घट्ट मळलं आणि ह्या डब्यात भरलं. ग्वाल्हेरहून कोकण म्हणजे गाडीत एक दिवस, एक रात्र आणि वर थोडं. चैत्रातली गरमी. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पीठ असं फुगलं की झाकण फट्‌कन उडालं आणि गाडीच्या अख्ख्या डब्यात हिंगाचा आणि आंबटाचा वास. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी खिडकीबाहेर बघत बसले, जसं काही ते पीठ माझं नव्हतंच. हे मात्र वाकून पिठाकडे बघत म्हणाले, "आंबलं तर अजून चांगलं." ह्या माणसाला शरम नावाची गोष्ट माशांच्या बाबतीत नाही.

मालवणची सकाळ मला आठवते ती मुख्यतः घामानं. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा, घाम आला न आला तोच सुकतो. तिथे सकाळी सातला पदर अंगाला चिकटलेला. पाणी शांत होतं, हिरवट. मी समुद्र काही पहिल्यांदा बघत नव्हते, पण समुद्रात पाय घालून होडीत चढायची वेळ पहिलीच. निखिल पुण्याहून परस्पर तिथे आला होता. होडीवाल्याचं नाव बाबी. चाळिशीचा, काळासावळा, कमी बोलणारा. आमचं आपसातलं "चलो, पहिले बाबा को चढ़ाओ" ऐकून तो ह्यांना म्हणाला, "आइए अंकल, सँभल के."

हे पाण्यातच उभे राहिले. "मराठीत बोल रे बाबा. आम्ही मराठेच आहोत, ग्वाल्हेरचे. आमचे लोक दक्षिणेतूनच गेलेले तिकडे, फौजेबरोबर."

बाबीनं ह्यांच्याकडे नीट बघितलं. "ग्वाल्हेर? थंय समुद्र खंय?"

"नाही ना," हे म्हणाले. "म्हणून तर आलो."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला आणि ह्यांना दोन्ही काखांत हात घालून वर घेतलं. किनारा दिसेल एवढ्याच अंतरावर त्याने होडी नेली, खाली खडक आहेत म्हणाला, इंजीन बंद केलं, नांगर टाकला. इंजीन बंद झाल्यावर ती होडी अशी डुलायला लागली की आमचे चिरंजीव, ज्यांनी हे सगळं बुक केलं होतं, ते हिरवे पडले. "आई, मला कसंतरी हो रहा है," म्हणून निखिल पुढच्या टोकाला जो आडवा झाला तो शेवटपर्यंत आडवाच. राहिलो आम्ही दोघं आणि बाबी.

ह्यांनी पिशवीतून डबा काढला. हात हलत होता म्हणून झाकण मी उघडलं. बाबीनं आत वाकून बघितलं, वास घेतला, मागे सरकला. "काका, ह्या काय हाडलात? घावनांचा पीठ?"

"गोळ्या. रोहूसाठी लावतो आम्ही. ट्राय तर कर."

"ह्या पीठ हय चलाचा नाय. खाऱ्या पाण्यात विरघळतला." त्यानं समजुतीनं सांगितलं, आणि ह्यांचं समाधान व्हावं म्हणून एक गोळी गळाला लावून पाण्यात सोडलीही. आम्ही तिघं वाकून बघत होतो. गोळी खाली गेली, दोन हात जाईस्तोवर तिच्याभोवती पांढरं धुकं झालं, आणि वर ओढला तर नुसता गळ. ज्या पिठावरून मी पस्तीस वर्षं टोमणे मारले, ते असं पाण्यात गेलेलं बघून मला बाबीचाच राग आला. ह्यांचा चेहरा बघवेना. दीड हजार किलोमीटर तो डबा मांडीवर घेऊन आलेला माणूस.

बाबीला ते कळलं असणार. त्यानं डब्यातलं बाकीचं पीठ घेतलं, कुस्करून होडीभोवती फेकलं. "चारो म्हणान बरा आसा, काका. वासान येतत मासे." आणि आले की खरंच, बोटाएवढे पुष्कळ. हे त्यांच्याकडे बघत राहिले. "हिंग आवडला त्यांना," असं म्हणाले.

मग बाबीनं गळाला सोललेली कोळंबी लावली. तिथे काठी नसते, नुसता तंगूस. म्हणजे नायलॉनचा दोरा, लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला. तो पाण्यात सोडायचा, वजन तळाला टेकलं की जरा वर घ्यायचा, आणि पहिल्या बोटावरून धरून बसायचं. काठी नाही, तरंगणारं बूच नाही, बघायला काहीच नाही. जे कळायचं ते बोटाला.

ह्यांनी उजव्या बोटावर धरला. तंगूस पाण्यात बारीक बारीक नाचत होता. थोड्या वेळानं डाव्या बोटावर घेतला. मी बघत होते. डाव्या हातावरही तंगूस नाचत होता.

"डावा कधीपासून?" मी विचारलं.

हे पाण्याकडे बघत राहिले. "दिवाळीपासून."

दिवाळीपासून चैत्रापर्यंत हा माणूस डावा हात मांडीखाली घालून बसत होता आणि मला वाटत होतं सवय आहे. मला काय वाटलं ते कसं सांगू. ओरडावंसं वाटलं. त्या होडीत ओरडून कुठे जाणार?

तीनदा ह्यांनी तंगूस वर ओढला. तिन्ही वेळा कोळंबी खाल्लेली, गळ कोरा. चौथ्यांदा बाबी गळाला कोळंबी लावत होता तेव्हा हे मला हळूच म्हणाले, "समजतच नाही गं. मासा ओढतोय का मीच हलतोय."

बाबीनं ऐकलं आणि मान दुसरीकडे फिरवली. पुढे निखिल डोळे मिटून पडलेला. ऊन चढलं होतं, तीन तासांतला निम्मा वेळ तर गेला होता, आणि मला स्पष्ट दिसत होतं की आता हे म्हणणार, चला परत. आणि परत गेल्यावर पुन्हा कधी काही करायचं म्हणणार नाहीत. एक माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो, मी ते माझ्या सासऱ्यांत बघितलं होतं. पहिली गोष्ट सोडायचाच काय तो उशीर असतो.

"द्या इकडे," मी म्हटलं. प्रेमानं बिमानं नाही, वैतागून. ह्यांच्या हाताच्या खाली, पाण्याच्या बाजूला, मी तंगूस माझ्या बोटावर घेतला. "मी सांगते, तुम्ही ओढा."

"तुला काय कळणार?"

"मग शिकवा."

पस्तीस वर्षांत मी असं म्हटलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग एकदम ऑफिसातल्या साहेबासारखे सांगायला लागले. "बोट सैल ठेव. दाबू नको. मासा एकदम ओढत नाही, आधी टिचकी मारतो. बघतो. पहिलीला काही करायचं नाही. मग दुसरी मारतो, तेव्हा पण नाही. घाई केलीस की गेला. तिसरीला सांग."

"बराबर," बाबी तिकडूनच म्हणाला.

पण बाबीनं तंगूस सोडला तोच गळ खडकात अडकून तुटला, आता नवा बांधायचा होता. तेही माझ्यावरच आलं. ह्यांनी सांगितलं तशी मी तंगुसाची गाठ घातली, पाच वेढे, मागून टोक आत. ओढणार तोच हे म्हणाले, "थुंकी लाव. थुंकी लाव, मग आवळ. कोरडी आवळलीस तर तंगूस जळतो, ऐन वेळी तुटतो." मी म्हटलं, "शी!" आणि गाठीला जीभ लावली. खारट लागली, बरोबर कोळंबीचा वास. माझ्या आईनं बघितलं असतं तर आंघोळ घातली असती.

मग सुरू झाली माझी फजिती. "लागला!" म्हणून मी ओरडले, हे ओढायला लागले, वर काही नाही, ती लाट होती. पुन्हा ओरडले, तर वजन खडकाला घासत होतं. तिसऱ्यांदा तर माझ्याच हाताला मुंग्या आल्या होत्या. हे चिडले नाहीत. "लाट उचलते गं, टिचकी नाही मारत. खडक खरखरतो. मासा जिता असतो, त्याचं वेगळं असतं." वेगळं म्हणजे काय ते काही ह्यांना सांगता येईना. आणि ह्या सगळ्यात वरून ह्यांच्या हाताची थरथर तंगुसातून माझ्या बोटात येत होती, एकसारखी, थांबत नव्हती. मी डोळे मिटले. थरथर ओळखीची झाली, जशी शिलाई मशीनची घरात होते, मग ती ऐकू येईनाशी झाली. लाट आली, गेली. आणि त्या सगळ्याच्या खालून कुणीतरी टक् केलं.

मी श्वास धरला. परत टक्. मी गप्प. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, मला डोळे मिटूनही कळत होतं.

टक्.

"ओढा!"

हे ओढायला लागले. दोन्ही हात हलत होते, तंगूस निसटत होता, पण एका हातानंतर दुसरा असं करत आतला तंगूस मांडीवर गोळा व्हायला लागला, गोल गोल, नीट. सवय हातातून गेली नव्हती. बाबी मदतीला वाकला, मी त्याचा हात अडवला. मी असं कुणाला अडवत नाही कधी. तो लगेच मागे बसला.

वर आला तो वीतभर मासा. गुलाबी, ऊन पडलं की पिवळी रेघ दिसायची. "राणे," बाबीनं माशाचं नाव सांगितलं. पुढून निखिलनं पडल्या पडल्या विचारलं, "मिला क्या?" मासा हातात धडपडत होता आणि हातही हलत होता, आणि हे हसत होते, तोंड उघडं टाकून, अगदी लहान पोरागत. मला रडू आलं. घामात कुणाला काय दिसतंय.

त्या दुपारी जिथे उतरलो होतो तिथल्या बाईंनी तो तळून दिला. एवढासा मासा आणि काटेच जास्त. ह्यांच्यानं काटे निघेनात, मी काढून दिले. नाकानं श्वास न घेता काढले. शेवटचा तुकडा ह्यांनी माझ्यापुढे केला आणि मी खाल्ला. खरं सांगू, बरा होता. पण ते मी अजून ह्यांना सांगितलेलं नाही.

निघताना बाबीनं तंगुसाचा एक गुंडा ह्यांच्या हातात ठेवला. "काकी गरवूक शिकली," म्हणाला, "आता ग्वाल्हेरात गरवा." गरवणं म्हणजे गळानं मासे धरणं.

ग्वाल्हेरात परत आल्यावर वर्षभर हे बोलत होते त्या माशाबद्दल. गोरखीच्या शाळेतले जुने दोस्त यायचे, त्यांना सांगायचे, आणि मासा दर वेळी बोटभर वाढायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. मग आवाज बारीक व्हायला लागला. मग दोस्तांना दोनदा विचारावं लागायला लागलं, "क्या बोला?" मग ते कमी झाले. लोकांचा दोष नाही. ज्याचं बोलणं ऐकूच येत नाही त्या माणसापाशी किती वेळ बसणार?

आता हे बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीवर असतात. उठता येत नाही एकट्याला. हाक मारली तर स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. निखिलनं बिनतारेची घंटी आणून दिली, बटण ह्यांच्यापाशी, घंटी माझ्यापाशी. बटण दाबायला गेलं की बोट सरकायचं, आणि नको तेव्हा हातच बटणावर आपटायचा. दिवसभर घंटी वाजे. दोन दिवसांत माझे नाकीनऊ आले, तिसऱ्या दिवशी मी सेल काढून टाकले.

त्या संध्याकाळी ह्यांनी काहीतरी म्हटलं. मी कान तोंडापाशी नेला. "तंगूस," हे म्हणत होते.

तेव्हापासून तो तंगूस आमच्या घरात आहे. एक टोक ह्यांच्या बोटाला, दाराच्या चौकटीत मारलेल्या खिळ्यावरून आत, आणि दुसरं माझ्या डाव्या हातातल्या काचेच्या बांगडीला. पोळ्या लाटते, भाजी चिरते, तंगूस माझ्यामागे सैल फिरतो. ह्यांच्या हाताची थरथर दिवसभर त्यातून येत असते आणि बांगडी शेजारच्या बांगडीवर किणकिणत राहते. तिच्याकडे मी लक्ष देत नाही. पण त्यातून एक टिचकी आली, दुसरी आली, तिसरी आली, की गॅस बंद करायचा आणि जायचं. पाणी हवं असतं, कूस बदलायची असते, माशी बसलेली असते. निखिल बघून म्हणाला, "आई, ये क्या लगा रखा है, कोणी बघितलं तर?" मी म्हटलं, ज्याचं जळतं त्याला कळतं, तू आपला पुण्याला जा.

मोठी सेवा करते असं कुणी समजू नये. पुष्कळदा तिसरी टिचकी येते आणि मी मनात म्हणते, येऊ दे चौथी. पुष्कळदा भिंतीला टेकून उभी राहते. कूलर लावायचा, चादरी धुवायच्या, औषधांच्या वेळा, आणि मधेच कोणीतरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावून जातं. मला कैरीची डाळ फार आवडते, तिथे जाऊन बसायला वेळ कोणाला आहे. मला कधी कधी ह्यांचा राग येतो. त्या रागाचीही दमणूक होते.

परवाचंच. माळ्यावरून पंप काढला, डबा परत पिशवीत टाकला, कूलर लावला. दुपारी ह्यांना भात भरवला, तोंड पुसलं, ह्यांचे डोळे मिटले. खोलीत खसचा ओला वास, बाहेर निंबाचा. मला अशी झोप आली की उभ्या उभ्या पडेन. आणि मी ते केलं जे इतक्या महिन्यांत केलं नव्हतं. बांगडीची गाठ सोडली. टोक दाराच्या कडीत नुसतं अडकवलं. दहा मिनिटं फक्त, म्हटलं. आतल्या पलंगावर पडले.

जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवरून खाली गेली होती. दीड तास तरी झाला असेल. घर इतकं शांत की मला आधी कळेना काय कमी आहे. मग कळलं, बांगडी वाजत नाही. मी तशीच धावले.

कडी रिकामी होती. हे खुर्चीत जागे होते. सगळा तंगूस ह्यांच्या मांडीवर होता, शेवटच्या टोकापर्यंत, हातानंतर हात असा ओढून घेतलेला, गोल गोल, नीट ठेवलेला. टोक दोन बोटांत धरलं होतं आणि त्याच्याकडे बघत होते.

मी खाली बसले. ह्यांनी मान वर केली.

"सुटला," हे म्हणाले.

मला इतकी लाज वाटली की मी ह्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मग विचारलं, "काय हवं होतं? पाणी देऊ?" मान हलली, नाही. "कूलर लागतोय? बंद करू?" नाही. कान तोंडापाशी नेला तेव्हा ऐकू आलं. "काही नको. बघत होतो, तू आहेस का."

टोक ह्यांच्या बोटांतून काढून घेतलं. डावा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हातानं बांगडीला तंगूस बांधायला लागले. पाच वेढे, मागून टोक आत. गाठ ओढणार, तेवढ्यात ह्यांचा हात हलत हलत येऊन माझ्या मनगटावर थांबला.

"थुंकी लाव," हे म्हणाले. "मग आवळ."

मी गाठीला जीभ लावली आणि आवळली.